हिसका की धक्का

शिरूरहून सकाळची दौंडची एस.टी. पकडली तेव्हा मला दौंडला अकराच्या आत पोचायचं होतं. तिथं रेल्वे कॉलनीत कृपाबाई मावशी राहायची आणि तिच्याकडे फिलिप मला बघायला येणार होते. रेल्वेत गार्ड, शांत स्वभावाचे, प्रार्थनेला ऑर्गन वाजवणारे. नाही म्हणण्यासारखं त्यांच्यात काहीच नव्हतं. मी रूथ, बावीस वर्षांची, शिरूरला मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. साल एकोणीसशे एकोणसाठ, जानेवारीतली बोचरी थंडी.

न्हावऱ्याला एक उंच तरुण चढला. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. जागा नव्हती, म्हणून माझ्या बाकाशेजारी तो एका हातानं दांडी धरून उभा राहिला. पुढं वळणावर म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला, आणि तो तोल जाऊन बाकाच्या कडेवर आदळला. त्याच्या खिशातला घडी घातलेला कागद माझ्या मांडीवर पडला.

"चुकलं, बाई... जर्क बसला."

मला हसू आलं. "इंग्रजी येतं वाटतं तुम्हाला?"

"यष्टीपुरतं येतं. जर्क, रश, स्टॉप." तोही हसला, पण हसू लगेच विरलं. "तुम्हाला वाचता येतं का हो? एक शब्द आडलाय ह्यात. गश म्हंजी काय?"

"एकदम जोरात बाहेर पडणं. लोट येतो ना, तसं." बोलता बोलता मी आख्खी ओळ वाचली... आणि पुन्हा वाचली.

"हा कागद कुणी लिहिला?"

"आमच्या गिरणीच्या मॅनेजरनी, बापूसाहेबांनी. माझाच जबाब हाय त्यो. मी दौंडच्या तेलगिरणीत बॉयलरवर हाय, आनंदराव माझं नाव. आठ दिसांमागं वाफेचा पाइप फुटला. संगट कामाला असलेले माझे रखमाजीमामा भाजले, दवाखान्यात हायत. आज अकराला मुंबईचं साहेब चौकशीला येणार."

"यात काय लिहिलंय ते सांगितलं तुम्हाला?"

"व्हय. मला जर्क बसला, म्हंजी धक्का बसला, आन् वाफ भाईर आली."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "आनंदराव, धक्का बसला असं नाही लिहिलेलं. तुम्ही व्हॉल्व्हला जर्क दिला, असं लिहिलंय. हिसका. तुम्ही हिसका मारून व्हॉल्व्ह उघडला आणि म्हणून पाइप फुटला."

दांडी धरलेल्या त्याच्या हाताची बोटं पांढरी पडली.

"खाली सही तुमचीच आहे?"

"माझीच." मग हळूच म्हणाला, "म्हंजी मामाला मीच भाजलं... असं व्हणार."

मी खिडकीकडे सरकून त्याला जागा केली. बाया वळून बघू लागल्या. बघू देत! वहीचा कोरा कागद काढला, पेन्सिल काढली. "सांगा. नेमकं काय झालं?"

"वाफ आली, झालं."

"असं नाही. थेंब थेंब आली? थांबून थांबून पिचकारी उडत होती? की एकदम फुटलं?"

त्यानं डोळे मिटले. "आदी दोन दिस पिचकारी. सांध्यातनं. मी बापूसाहेबांना सांगितलं, गिरणी बंद ठेवा. त्यांनी वरनं काथ्या आन् तार गुंडाळायला लावली."

"ही पिचकारी म्हणजे स्पर्ट. मग?"

"मंग दाबाचा काटा एकदम वर चढला."

"सर्ज."

"आन् फुटलं."

"बर्स्ट. आणि तुम्ही?"

"मी पळालो."

माझी पेन्सिल थांबली. "पळालात?"

"मामाकडं पळालो, बाई. वाफेतच हुते त्ये."

त्या पट्टीकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याला दिसलं असावं, कारण त्यानं घाईनं मान दुसरीकडे वळवली. "रश म्हणायचं," मी म्हणाले. "पण पुढं 'टू रखमाजी' जोडायचं. नुसतं रश म्हणाल तर घाई केली असा अर्थ होईल."

"आमच्यात रश म्हंजी गर्दी."

"साहेबांना नाही चालायची गर्दी." तो हसला. दौंड येईपर्यंत तो ते चार शब्द पुटपुटत राहिला, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून खात्री करून घेत राहिला... शब्द एकदाच विचारला तरी पुरलं असतं.

एस.टी. उशिरा पोचली. स्टँडवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. उजवीकडे रेल्वे कॉलनी, डावीकडे रुळांपलीकडे गिरणी.

"जावा तुम्ही," तो म्हणाला. मावशीकडे मला बघायला कोण येणार ते मी त्याला वाटेत सांगितलं होतं. "तुमची वाट बघत असतील."

"बघत असतील," मी म्हणाले, आणि डावीकडे वळले.

गिरणीच्या ऑफिसात मुंबईहून आलेले मद्रासी साहेब बसले होते. त्यांना मराठी येत नव्हतं. बापूसाहेबांनी त्याच जबाबाची आपल्याकडची सहीची प्रत पुढं केली. मी आत शिरून आमचा कागद ठेवला. साहेबांनी तो वाचला, मग चष्म्यावरून मला विचारलं, स्फोट झाला तेव्हा मी तिथं होते का? नव्हते. मग बाहेर थांबा, म्हणाले. जे झालं ते यालाच सांगू द्या.

मी दाराबाहेर उभी राहिले. आतून बापूसाहेबांचा आवाज येत होता — गोड, सराईत इंग्रजी. मग साहेबांचा प्रश्न आला : "डिड यू जर्क द व्हॉल्व्ह?"

आवारातला पंप ऐकू यायला लागला. बोला ना, आनंदराव... बोला!

"नो सर. नो जर्क. फर्स्ट स्पर्ट. टू डेज स्पर्ट. आय टेल बापूसाहेब. देन सर्ज. देन बर्स्ट." पुन्हा थांबला. "आय रश... टू रखमाजी."

खुर्ची सरकली. साहेब बाहेर आले आणि थेट बॉयलरखोलीत गेले. मीही मागोमाग गेले, कुणी अडवलं नाही. फुटलेल्या सांध्याला अजून तार आणि जळका काथ्या लटकत होता. मागच्या चुन्याच्या भिंतीवर गंजाचे तांबडे ओघळ उतरले होते, एकाखाली एक, वाळलेले. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं. "हे एका दिवसाचे नव्हेत," ते इंग्रजीत म्हणाले, आणि बापूसाहेबांना विचारलं, "दुरुस्तीची नोंद कुठं आहे?"

बापूसाहेबांचं गोड इंग्रजी तिथंच आटलं.

मी मावशीकडे पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. फिलिप तासभर वाट पाहून गेले होते. मावशीनं रागावून पाठ फिरवली. मी फिलिपना चिठ्ठी लिहिली : चूक माझी आहे, माफ करा, आणि माझ्यासाठी थांबू नका. शेवटचं वाक्य लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

चारला मी दवाखान्यात गेले, रखमाजीमामांना बघायला. निदान मावशीला तरी मी तसंच सांगितलं. आनंदराव व्हरांड्यात उभा होता.

"बॉयलरचं सर्टिफिकेट शाबूत ऱ्हायलं माझं," तो म्हणाला. "मामाचं औषधपाणी गिरणीनंच करायचं, असं साहेब लिवून गेले." मग पट्टीचं टोक चाचपत म्हणाला, "बाई, आमच्या घरात रोज देवपूजा असती. तुमच्याकडं प्रार्थना. आई रडंल. आबा तर वर्षभर बोलायचे न्हाईत."

"माझे वडीलही बोलायचे नाहीत."

"मंग... कुणाला आदी विचारायचं?"

"मला," मी म्हणाले. "अजून मलाच विचारलं नाही तुम्ही."

त्याचे कान लाल झाले. व्हरांड्यातून नर्स गेली, तिच्या मागून ट्रे घेतलेली बाई गेली. त्या दोघी वळेपर्यंत तो थांबला. "माझ्याशी लगीन कराल?"

तेवढ्यात आतून खोकत खोकत हाक आली, "आनंदा, कोण आलंय रं संगट?"

मी पदर सावरला आणि त्याच्या आधी आत गेले. पट्ट्यांनी गुंडाळलेल्या चेहऱ्यातून दोन मिश्कील डोळे माझ्याकडे बघत होते.

"मी रूथ, मामा," मी म्हणाले. "तुमची सून व्हायची आहे."

दारात आनंदरावनं सोडलेला श्वास आम्हा दोघांनाही ऐकू आला.