मापाचं बोट

"अहो, थांबा! पाडू नका ते जाळं!"

मी दचकले अन् बांबूला बांधलेला झाडू गोठ्याच्या पत्र्यावर आदळला. दारात दुधाची बरणी घेऊन वैजनाथ उभा — चाकूरला नवीन आलेला विज्ञानाचा मास्तर. त्याचं लक्ष माझ्याकडं न्हाईच, कोपऱ्यातल्या कोळ्याकडं!

"फोटो काढतो. शेजारी जरा बोट धरता? कोळी केवढा हाय ते कळंल."

धरलं. तवापासून तीन महिने धरूनच राहिले की! न्हाणीतला कोळी, तुरीतला कोळी, जाळ्यात पांढरी फुली काढणारा कोळी... अन् प्रत्येकाशेजारी विळ्याचा वण असलेलं माझं बोट. "हलू नको हं, अयोध्या," तो म्हणायचा. त्याचा श्वास मनगटाला लागायचा... हलायची माझी काय बिशाद!

परवा तो नांदेडला जाऊन आला. "बघ, किती मिळाले!" म्हणून मोबाइल माझ्या हातात दिला. गोदावरीच्या घाटावरचा कोळी. शेजारी बोट. गुलाबी नेलपॉलिशचं!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आई पलीकडं धार काढत होती, म्हणून हळूच भांडले.

"हे कुणाचं?"

"ऋतुजाचं. कॉलेजात सोबत होती. तीपण कोळ्यांचे फोटो काढते."

"लई नाजूक हाय."

"हाव, आहे खरं."

मेला, कबूलपण करतो!

"मग तिलाच बोलवा इथून पुढं. माझं बोट शेणामातीचं." बोलता बोलता रडूच आलं मला.

तो गडबडला. "अगं, फोटोखाली काय लिहिलंय ते तर वाच!"

वाचलं. 'अयोध्याच्या दीड पेराएवढा.' मागचे फोटो बघितले — 'अयोध्याच्या नखाएवढा', 'अयोध्याच्या अर्ध्या पेराएवढा'...

"ऋतुजा हसली मला. म्हणाली, बोट माझं धरतोस अन् माप तिचं लिहितोस... त्या पोरीला सांगितलंस का?"

"मग... सांगितलं का?"

"सांगून राहिलो की आता!" कानापर्यंत लाल झाला होता. "मला जन्मभर हेच बोट पाहिजे, अयोध्या."

"अन् त्यात अंगठी आली तर? माप चुकंल की."

"अंगठी शेजारच्या बोटात घालू."

मी हात मागं लपवला. "आधी तो गुलाबी फोटो पुसा."

"त्यात कोळी हाय गं..."

"मग बोट कापा!"

त्यानं मुकाट्यानं फोटोतून बोट कापलं, कोळी ठेवला.

मग मी हात पुढं केला.