अष्टमीचं उधाण

भाट्याच्या किनाऱ्यावर, माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला गुणवंती जाळं सांधत बसली होती. वाऱ्यावर एक कागद भिरभिरत आला आणि नेमका तिच्या जाळ्यात अडकला.

"फाडू नकोस गं... कविता आहे ती!"

धोतर सावरत मोरू मास्तर वाळूतून धावत येत होता. मुलगा दर्यावर्दी खारव्याचाच, पण वाढला मुंबईत, माझगावला. मे महिन्यात पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने उतरला आणि इथल्या शाळेत लागला. मासेमारीच्या होडीत म्हणून त्याने कधी पाय ठेवला नव्हता.

गुणवंती चार इयत्ता शिकलेली. तिने मोठ्याने वाचलं –

"अष्टमीच्या चांदण्यात
सागराला ये उधाण..."

आणि तोंडाला पदर लावून ती खुदकन हसली.

"हसायला काय झालं?"

"मास्तर, आज अष्टमीच आहे. दिसतंय कुठं उधाण?"

मोरूने पाहिलं. समुद्र कसा गुमान पडला होता.

"उधाण पुनवेला नायतर अवसेला. अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाय की उतरत नाय. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

"पण... मात्रा जुळतात ना!"

"तुमच्या मात्रांसाठी दर्या आपली चाल सोडील होय?"

मोरूचे कान लाल झाले. पण तो गेला नाही. वही काढून समोर बसला. "मग शिकव."

गुणवंतीने शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरती भरण्याची वेळ कळते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला सहाला भरती. मास्तर दुसऱ्या दिवशी नवमीचा हिशेब घेऊन आला, तिसऱ्या दिवशी दशमीचा. एकादशीला हिशेब पाठ होता, तरी आला...

"आज काय अडलं?"

"तुझं हसणं कवितेत बसेना, ते पुन्हा ऐकायला आलो."

गुणवंतीच्या हातातली गाठ चुकली. त्या दिवशी ती हसली मात्र नाही. तिला गुहागरचं स्थळ आलं होतं. तिचे आप्पा, होडीचे म्होरके दत्ताराम तांडेल, पुनवेला दर्याला नारळ वाहिला की होकार कळवणार होते. "पोरगी देईन ती पाणी कळणाऱ्यालाच," हे त्यांचं ठरलेलं. तिने मोरूला सगळं सांगितलं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि वही मिटून निघून गेला. तीन दिवस फिरकला नाही.

नारळी पुनवेला सकाळपासून सगळी वाडी किनाऱ्यावर जमली. नारळाला सोनेरी कागद लावला होता. मास्तरला कविता म्हणायला उभं केलं. गुणवंती बायकांच्या मागे उभी राहिली आणि ऐकू लागली. पहिलीच ओळ –

"अष्टमीच्या चांदण्यात
सागराला ये उधाण..."

खारव्यांत हशा पिकला. गुणवंतीने डोळे मिटून घेतले. एवढं शिकवलं, ते सगळं पाण्यात!

"मास्तर," आप्पा मिशीत हसत म्हणाले, "अष्टमीला भांग असतो. कुठल्या दर्याला आलं हो उधाण?"

"चुकलो, तांडेल. दर्याला भांगच होता... उधाण मला आलं. त्या दिवशी तुमची गुणवंती भेटली."

हशा थांबला. बायकांनी वळून गुणवंतीकडे पाहिलं. तिला वाळूत शिरावंसं वाटलं.

"आणि आजची भरती?" आप्पांचा आवाज जड झाला होता. "किती वाजता भरेल?"

"पुनव म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट... सव्वाअकरा."

"कोणी शिकवलं?"

मोरूची नजर बायकांच्या घोळक्याकडे गेली. आप्पांनी गुणवंतीकडे पाहिलं. "तरी म्हटलं, हिचं जाळं आठ दिवस एका वितीपुढं का सरकत नाय!" मग ते गुहागरहून आलेल्या पाहुण्याकडे वळले आणि हात जोडले. "रावजी, राग मानू नका. आमच्या पोरीनं आपला मासा आपणच धरलाय."

सव्वाअकराला पाणी पायांना लागलं. नारळ लाटेवर निघाला. गर्दीतून वाट काढत मोरू तिच्याजवळ आला.

"आता ती ओळ बदलू?"

गुणवंती हसली, तेच खुदकन.

"राहू दे, मास्तर... चूक असली, तरी खोटी नाय."