मुलुंडची मशीन बंदच राहीना

"तो अंबादास नावाचा गाढव कुठे बसतो हो?"

मुलुंडच्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढता काढता वनमालाने विचारलं. सत्त्याऐंशी सालचा भर मे महिना, आणि शेजारी उभा तरुण मात्र स्वेटर घालून. तो जरा घुटमळला.

"बसतो आत, एसीच्या गारठ्यात. आत्ता... तुमच्यासमोर उभा आहे."

वनमालाचे कान तापले. फोनवरचा आवाज तो हाच! पण राग काही उतरेना.

अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंडचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारांनी जोडलेले. एक मध्येच बंद पडला तर उरलेले दोघे त्याचं काम निभावतात का, हे वनमालाने तपासायचं. सांगायला सोपं. रोज ती अंधेरीहून फोन करायची, "मुलुंडची मशीन बंद करा." आणि चाचणी संपायच्या आत हा महाभाग ती परत सुरू करायचा. आज जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं साहेबांनी तिला बजावलं होतं.

"अहो, बंद करायची म्हणजे बंद ठेवायची! एवढं कळत नाही?"

"कळतं ना."

"मग?"

"तुम्ही चिडलात की... छान बोलता."

"माझी वाट लावलीत, आणि वर हे!"

तिने आत जाऊन स्वतःच बटण दाबलं. मशीनची घरघर थांबली. अंबादासचा हात सवयीने पुढे गेला; तिने तो घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने घाटकोपरचा नंबर फिरवला.

तिकडे सगळं सुरळीत चालू होतं. एकही नोंद हरवली नव्हती.

तिने सुटकेचा निःश्वास सोडला. मग ध्यानात आलं—त्याचा हात अजून आपल्याच हातात आहे.

"झालं तर," अंबादास हळूच म्हणाला. "चाचणी पास. उद्यापासून तुमचा फोन यायचा नाही. म्हणून तर मी रोज..."

"म्हणून? एवढ्यासाठी छळलंत मला? तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना!"

वनमालाने कपाळाला हात लावला. बाहेर येऊन चपला पायांत सरकवत ती म्हणाली,

"उद्या मी फोन करणार नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही करायचा. दर वेळी मीच का? आणि मशीनबद्दल एक अक्षर जरी काढलंत ना... तर फोन ठेवून देईन!"