सुग्रीवमामांचे एकतीस श्वास

हे खोटं वाटेल. वाटू द्या.

संगमेश माझा आतेभाऊ. त्याच्याकडून मी हे तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा त्याने एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही.

एप्रिल १९९९. बीड. वेळ भर दुपारची. असलं काही रात्रीच घडतं म्हणणाऱ्यांनी हे मुद्दाम ऐकावं.

वडिलांच्या किराणा दुकानावरच्या खोलीत संगमेशने स्टुडिओ थाटला होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी बुजवलेली, पंखा बंद. जुना कॉम्प्युटर, एक माइक, एक कीबोर्ड. पडद्यावर आडव्या ओळी दिसायच्या. एका ओळीत गाणाऱ्याचा आवाज. दुसरी ओळ मिडीची. तिच्यात आवाज नसतोच. कीबोर्डची कोणती पट्टी कधी दाबली, एवढीच नोंद असते. तिला ढोल म्हणा, ढोल वाजतो. तबला म्हणा, तबला.

सुग्रीवमामा आष्टीकडचे धनगर. साठी उलटलेली, दमा जुना, पण ओव्या गायला बसले की माणसं उठायची नाहीत. दोन ओळींच्या मधे त्यांचा श्वास भात्यासारखा वाजायचा. तोही रेकॉर्ड झाला.

"ऐकू येतंय की ते," मामा हसून म्हणाले. "राहू दे आप्पा. त्यो बी माझाच हाय."

संगमेश हो म्हणाला. मामा एसटीने गावी गेले.

पण कॅसेटवाल्याला साफ गाणं हवं होतं. तीन दिवसांनी, दुपारी दोनला, संगमेश श्वास कापायला बसला. त्यात वावगं काही नाही, सगळे स्टुडिओवाले तेच करतात. माउसने एकेक श्वास निवडायचा, पुसायचा.

एकतीस निघाले.

मग त्याने वरून वाजवलेल्या ढोलासकट गाणं लावलं.

ढोल सुरू झाला... आणि पहिली ओळ संपताच थांबला.

जिथे श्वास कापला होता, बरोबर तिथे.

पडद्यावर ठोके होते. गाणं कुठवर आलं ते दाखवणारी रेघ त्यांच्यावरून सरकत होती. आवाज मात्र नाही. मामांची पुढची ओळ आली तसा ढोल परत सुरू झाला. पुन्हा थांबला.

संगमेशने वायरी तपासल्या. ढोलाचा तबला केला.

तबलाही तिथेच थांबला...

तेवढ्यात खालून वडिलांनी हाक मारली. फोन होता. आष्टीच्या दवाखान्यातून मामांची बायको, रतनबाई.

"आप्पा, मालकाला लई तरास होतोय. श्वास मधीच थांबतोय बघा. परत येतोय, परत थांबतोय. डाक्टरला बी कळंना, कावून होतंय ते."

"कधीपासून, मामी?"

"दोन वाजल्यापासून."

संगमेश धावत वर गेला. त्याने मागे घ्यायचं बटण दाबलं. एक श्वास परत आला. दुसरा.

अकरा राहिले असताना लाईट गेली.

कॉम्प्युटर यूपीएसच्या बॅटरीवर आला. बॅटरी जुनी, कशीबशी पाच मिनिटं टिकणारी. ती पिकपिक करू लागली...

सहा. चार. एक.

शेवटचा श्वास ओळीत बसला, त्याने फाईल सेव्ह केली आणि पडदा काळा झाला.

तासाभराने पुन्हा फोन आला. मामा उठून बसले होते, चहा मागत होते.

ती कॅसेट कधीच निघाली नाही. संगमेशने दुसरा कॉम्प्युटर घेतला, पण जुन्याला कुणाला हात लावू दिला नाही. मामांना आणि रतनबाईला मात्र त्याने सगळं खरं सांगितलं.

चार वर्षं गेली.

२००३ च्या मे महिन्यात रतनबाई एकटीच स्टुडिओत आली. दुपारचीच वेळ. पाणी प्यायली.

"दोन वर्सं झाली, मालक अंथरुणाला खिळलेत. बोलणं न्हाई, वळख न्हाई. पाठीला जखमा पडल्यात. चार महिनं झालं, अन्न न्हाई पोटात. डाक्टर म्हणतोय, हे जगतेत तरी कशावर. नुसता श्वास चालू हाय, आप्पा."

संगमेशला कळलं, ती कशाला आलीय ते.

"मामी, माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"तुमी नका करू. मला बटण दाखवा."

त्याने जुना कॉम्प्युटर सुरू केला. मामांची ओळ निवडली. तिचं बोट धरून पुसायच्या बटणावर ठेवलं आणि हात काढून घेतला.

तिने डोळे मिटले. दाबलं.

ओळ रिकामी झाली. काहीच वाजत नव्हतं. तरी स्पीकरमधून आवाज आला...

कुणीतरी छातीभर श्वास आत घेतला.

दोघं वाट बघत राहिली. सोडल्याचा आवाज आला नाही.

रतनबाईने कुंकू पुसलं. गावाकडून फोन यायला अजून वीस मिनिटं होती.

संगमेशने नंतर स्टुडिओ बंद केला. आता तो दुकानात बसतो. मी गेलो की गिऱ्हाईक नसल्याचं बघून हळूच विचारतो, "मी बटण दाखवलं, ते बरं केलं का रे?"

तीनदा विचारलंय त्याने.