सात पायांचा किडा

तिने प्याला उन्हाकडे धरला आणि प्याल्यात सहा बोटं दिसली.

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण सहाच होती. जुन्या वस्तूंच्या बाजारात, सकाळच्या कोवळ्या उन्हात मोजलेली. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पोर्सेलीनची गंमतच अशी. असते चिनी मातीच, पण उजेडासमोर धरली की दुधावरच्या सायीसारखी होते आणि पलीकडचं सगळं अंधुक अंधुक दिसायला लागतं. म्हणून ती असा प्याला हाती आला की मागे पाच बोटं पसरायची आणि आतून सावल्या मोजायची. पाच स्वच्छ दिसल्या तर माल अस्सल. आज पाच दिसल्या, आणि वर एक जास्तीची... लांबसडक, जराशी थरथरणारी.

"ते माझं आहे," पलीकडून आवाज आला. "बोट म्हणतोय मी. प्याला अजून कुणाचाच नाही."

"मग काढा ते बोट."

"काढतो. आधी तुम्ही प्याला खाली घ्या."

"का? तुम्ही उचलून पळावं म्हणून?"

"छे हो. तुमचं तोंड दिसावं म्हणून. मघापासून प्याल्याशीच बोलतोय मी."

तिने प्याला खाली घेतला. समोर एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. तो हसला. ती हसणार नव्हती, पण ओठांनी तिला विचारलंच नाही.

"याला कान नाही," ती उगीचच म्हणाली. "त्या काळी चहाच्या प्याल्यांना कान नसायचे."

"बरंच झालं. आपलं भांडण याला ऐकू जाणार नाही."

"आणि काठाचा टवका उडालाय."

"दिसला मला. एखादी चांगली सांधणारी आहे का तुमच्या माहितीत?"

"आहे एक. पण तिरसट आहे."

"चालेल," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "मला तिरसट आवडतात."

प्याला त्याच्या हातात कोंबून ती तरातरा निघून गेली. चार दुकानं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं... तो प्याला तिला हवा होता.

आता ही कोण, ते सांगतो. ही सांधणारी. खिडकीपाशी टेबल मांडून फुटकी भांडी जोडणं हा हिचा धंदा. तीन केसांचा ब्रश घेऊन बसली की श्वाससुद्धा विचारून घ्यायची. घरात ती आणि तिची आत्या, दोघीच. आत्या तिला 'धांदल' म्हणायची, कारण लहानपणी जे हातात घेईल ते जमिनीवर जायचं.

आणि आत्या? आत्याने चाळीस वर्षं एकच संच जमवला होता. पांढऱ्या पोर्सेलीनवर फिकट गुलाब, छत्तीस नग. प्याले एका शहरातून, बशा दुसऱ्या, किटली तिसऱ्याच देशातून. साखरदाणीपायी तर तरुणपणी आत्याला आलेलं स्थळ मोडलं होतं म्हणतात. मुलाने चहा ढवळता ढवळता साखरदाणीवर चमचा आपटला. आत्याने तिथल्या तिथे विचारलं, "भांड्याशी असं वागता, मग माणसाशी कसे वागाल?" आणि चहा न देताच पाहुण्यांना वाटेला लावलं.

आता आत्याला एकच आस उरली होती. संच शहरातल्या संग्रहालयात जावा. संग्रहालयाने कबूल केलं होतं, पूर्वेच्या खिडकीची स्वतंत्र खोली आणि दारावर आत्याचं नाव. अट एकच. छत्तीसच्या छत्तीस नग अभंग हवेत. एकही जोडलेला, भरलेला, रंगवलेला चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. संग्रहालयातून नोंदी करणारा माणूस आला होता. सांधणारीने दार उघडलं आणि भिंग तिच्याकडे बघून चमकलं.

"तुम्ही?" दोघंही एकदम म्हणाली.

"आत या हो भिंगवाले!" आतून आत्या ओरडली. "दारात उभं राहून माझ्या पोरीची नोंद करू नका, ती संचात नाहीये!"

भिंगवाला रोज येऊ लागला. एकेक नग उचलायचा, उजेडात फिरवायचा, वहीत लिहायचा. खिडकीपाशी ती आपलं काम करत बसायची, म्हणजे करते आहे असं दाखवायची. तिसऱ्या दिवशी त्याने खिशातून तो बाजारातला प्याला काढून तिच्या टेबलावर ठेवला.

"तिरसट सांधणारी सापडली बरं का मला."

"आठवडा लागेल."

"लागू दे की. दोन लावा. आणि हे बघा, रोज थोडा बिघडवत चला."

"चावट आहात."

"नोंद करा," तो गंभीरपणे म्हणाला.

अशा गोड हवेत सगळं तरंगत असताना पाचव्या दिवशी तो मोठ्या ताटापाशी पोचला. त्याने ताट खिडकीकडे वळवलं आणि भिंग अगदी जवळ नेलं.

"इकडे या," शेवटी तो हळूच म्हणाला. "या ना... हा बघा."

गुलाबाच्या दोन पाकळ्यांमध्ये, नखाएवढा, निळसर पाठीचा एक किडा चालला होता.

"भट्टीत भांड्यावर डाग पडायचा, फोड यायचा," तो सांगू लागला. "एवढं सुंदर भांडं टाकवायचं नाही. मग चित्रकार त्या डागावर किडा काढायचे, फुलपाखरू काढायचे. खोड झाकायची आणि शोभाही आणायची. शेकडो पाहिलेत मी. पण हा... याचे पाय मोजा."

तिने मोजले नाहीत. तिला माहीत होते.

"सात!" तो म्हणाला. "किड्याला पाय सहा, हिने काढले सात. प्रेमात पडलोय मी."

"किड्याच्या?"

"जिने काढला तिच्या."

"बाईच होती कशावरून?"

"मीही पुरुष आहे ना! सहा मोजून हात झटकले असते मी. हिचा जीव गुंतला, हात थांबेना. किती एकटी बसली असेल ही खिडकीपाशी... असा हात असलेली बाई आज असती ना, तर उभ्या उभ्या मागणी घातली असती."

"अडीचशे वर्षं उशीर झाला तुम्हाला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

कारण तो किडा तिने काढला होता. अकरा वर्षांपूर्वी.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आत्या बाहेरगावी गेलेली, ही ताट पुसत होती, आणि धांदलीने नावाला जागून ते पाडलं. ताटाचे तीन तुकडे झाले. रडता रडता तिने जोडायला घेतलं. आठ दिवस आत्या बाहेर होती, आठ दिवस ही जेवली नाही. असं जोडलं की पाण्यालाही फट सापडू नये. फक्त एका ठिकाणी रेघ दिसत राहिली, तिच्यावर तिने किडा काढला. सहा पाय झाले. रेघेचं शेपूट तरीही बाहेर डोकावत होतं. त्याचा झाला सातवा पाय. भिंगवाल्याला भिंगातूनही जोड दिसला नाही, यात नवल नाही. डोळा भिंगाला होता, पण मन केव्हाच किड्यामागे गेलं होतं.

पण दिसण्याचं निभावलं, वाजण्याचं काय? अखंड पोर्सेलीन बोटाच्या सांध्याने ठोकलं की 'टण्ण्' वाजतं, लांबवर गात राहतं. जोडलेलं 'थप्' म्हणतं, ओल्या लाकडासारखं. आणि आत्या दर रविवारी सगळा संच ठोकून बघायची! म्हणून दर रविवारी ही आत्याच्या पाठीमागे उभी राहायची, पदराआड काचेचा ग्लास आणि चमचा घेऊन. आत्याचं बोट ताटावर पडलं रे पडलं की हिचा चमचा ग्लासावर. टण्ण्! अकरा वर्षांचे रविवार मोजा तुम्ही. मी एकदा मोजायला बसलो होतो, माझाच डोळा लागला.

त्या दिवशी भिंगवाला गेल्यावर तिने त्याची वही उघडली. 'मोठं ताट, एक. गुलाबांत सात पायांचा किडा. मूळ रंगकाम. चित्रकर्ती अज्ञात. अप्रतिम हात.' तिने ते तीनदा वाचलं. तिच्या हाताला कुणी कधी अप्रतिम म्हटलं नव्हतं... आणि म्हटलं तेही एका मेलेल्या बाईला. ती स्वतःच्याच सवतीवर जळत बसली.

पण खालची रिकामी जागा तिला जास्त टोचली. तिथे त्याची सही होणार होती. उद्या कुणी जाणता येईल, ताटाला एक टिचकी मारील आणि ह्या माणसाचं नाव कायमचं मातीत जाईल. बोलावं, तर आत्याची खोली जाते. गप्प बसावं, तर तो खोट्याखाली नाव घालतो. रात्रभर तिने कूस बदलली. सकाळी उठून त्याचा प्याला तेवढा पुरा केला.

शेवटचा दिवस ठोकून बघण्याचा. ते मालकासमोरच करायचं, असा संग्रहालयाचा नियम. आत्या ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसली. भिंगवाल्याने बाह्या वर केल्या. सांधणारी आत्याच्या मागे, तिच्या नेहमीच्या जागी. पदराआड ग्लास, हातात चमचा.

प्याले गायले. बशा गायल्या. साखरदाणी तर इतकी लांब गायली की रस्त्यावरचा टांगेवाला थांबला म्हणतात. पस्तीस नग झाले.

त्याने ताट उचललं. ठोकण्याआधी त्याने किड्याकडे पाहिलं, जरासा हसला... अगदी ओळखीचं माणूस दिसल्यावर हसावं तसा. त्या हसण्याने तिचं काळीज हललं. असं हसू त्या मेलेल्या बाईला नव्हतं जायचं. ते तिचं होतं. पण खोट्या टण्ण्वर मिळालं तर ते तिचं कसं राहील?

त्याचं बोट ताटावर पडलं.

तिचा चमचा हवेतच राहिला.

थप्.

भिंगवाल्याने पुन्हा ठोकलं. थप्. त्याचा चेहरा उतरला.

आत्याने मान वळवली नाही. "धांदले," ती म्हणाली, "आज चमचा विसरलीस वाटतं?"

"आत्या!... तुला..."

"अगं, तिसऱ्याच रविवारी माझं बोट पोचायच्या आधी ताट वाजलं. चाळीस वर्षांत इतकं शहाणं ताट पाहिलं नव्हतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या हातातलं काहीतरी टिकलं होतं. ओरडले असते तर तू ब्रशला परत हात लावला नसतास." आत्याने नाक पुसलं. "शिवाय वाजवतेस बरी. आजही निभावशील असं धरून बसले होते मी."

सांधणारीचे डोळे भरून आले. आत्याच्या मागून ती पुढे झाली आणि भिंगवाल्यासमोर त्याचा प्याला धरला. उडालेला टवका भरून निघाला होता. त्यावर, नखाहून लहान, निळसर पाठीचा एक किडा होता.

त्याने भिंग लावलं. मोजले. पुन्हा मोजले.

"सात," तो पुटपुटला.

"सवय लागलीय. सहावर थांबताच येत नाही मला..." ती खाली बघत म्हणाली. "तुमची ती बाई अडीचशे वर्षांपूर्वीची नाही. माफ करा. तुमची सही वाचवायची होती. खोली तर गेलीच आत्याची. आता तुम्हीही..."

त्याने वही ओढली. 'मूळ रंगकाम' खोडलं. 'चित्रकर्ती अज्ञात' खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. 'ताट जोडलेलं. किडा अलीकडचा. चित्रकर्ती हयात. अप्रतिम हात.'

शेवटचे दोन शब्द त्याने खोडले नव्हते.

"उभ्या उभ्या घालीन म्हटलं होतं ना मागणी?" तो म्हणाला आणि उभा राहिला. कान लालभडक. "तर... मी उभा आहे."

"मी तिरसट आहे," ती म्हणाली.

"नोंद आहे माझ्याकडे."

"अहो भिंगवाले," आत्या म्हणाली, "हो म्हणतेय ती. तिच्या बोलण्यातला टण्ण् ऐकू येत नाही तुम्हाला?"

पूर्वेच्या खिडकीची खोली गेली ती गेलीच. संग्रहालयाने पस्तीस नग घेतले आणि जिन्याखालच्या बोळात एक काचेचं कपाट दिलं. आत्या महिनाभर फुरंगटून होती. पुढे पुढे दर रविवारी तिथे जाऊन पहारेकऱ्याला ठोकायला शिकवू लागली.

ताट घरीच राहिलं. लग्नानंतरच्या एका दुपारी भिंगवाल्याने तिच्याकडे तीन केसांचा ब्रश मागितला. जीभ दाताखाली धरून तासभर ताटावर वाकला आणि सात पायांच्या किड्याशेजारी आणखी एक किडा काढला. जरा वाकडाच. तिने भिंग घेऊन पाहिलं.

"अहो, याला पाचच पाय आहेत!"

"मोजूनच काढलेत," तो म्हणाला. "तुझ्याकडे एक जास्त होता."