गुलाबी नळीचं दुखणं

या जगात प्रेम आणि शाई या दोनच गोष्टी अखंड वाहत असतात. त्यातली शाई यी-रूच्या दुकानात दर मंगळवारी तुंबायची.

आमच्या बेटाच्या दक्षिणेला, पिंगतुंग गावात, देवळामागच्या गल्लीत यी-रू आणि तिचे बाबा छपाईचं दुकान चालवत. अननसाच्या खोक्यांची लेबलं, हरवलेल्या कुत्र्यांची पत्रकं, देवळाची कॅलेंडरं... प्रिंटर जुना. त्याच्या कुशीला शाईच्या चार टाक्या बाहेरून जोडलेल्या आणि त्यांतून चार बारीक नळ्या आत गेलेल्या. विकणाऱ्यानं या व्यवस्थेला 'अखंड पुरवठा' असं नाव सांगितलं होतं. विकणारे सांगतातच.

पहिल्या मंगळवारी गुलाबी शाई येईनाशी झाली आणि कॅलेंडरावरच्या लालबुंद तोंडाच्या युद्धदेवाला कावीळ झाली. देवळाच्या छेनकाकू कागद उजेडात धरून म्हणाल्या, "अगं, देवाला बरं नाहीये का?"

यी-रूनं शाईवाल्यांकडे फोन केला. अर्ध्या तासात दारात स्कूटर थांबली आणि त्यांचा दुरुस्तीवाला चुंग-यान उतरला. त्यानं हेल्मेट काढलं, तरी डावीकडचे केस उभेच राहिले. यी-रूला ते आवडायचं काही कारण नव्हतं.

"काय झालं, सुंदरी?"

यात हुरळून जाण्यासारखं काही नव्हतं. आमच्या बेटावर बाई दिसली की ती सुंदरी आणि पुरुष दिसला की देखणा. भाजीवाला छेनकाकूंनाही सुंदरीच म्हणतो, आणि काकूंना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.

"गुलाबी येत नाहीये, देखण्या," यी-रू म्हणाली. शब्द तोच, रोजचाच... पण तो जरा हळू बाहेर पडला.

चुंग-यान गुडघ्यावर बसला. टाक्यांच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट चिकटपट्टीनं बसवलेलं होतं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून असं पाकीट सगळेच ठेवतात. बँकवालेसुद्धा आणि डॉक्टरसुद्धा. पाकीट हिरवंच लागतं, तारीख उलटलेली चालत नाही, आणि कितीही भूक लागली तरी ते फोडायचं नसतं. चुंग-यान त्या पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिला.

"पाकीट तर ताजं आहे," तो म्हणाला.

"मग हा ऐकत का नाही?"

"लाडावलाय. मालकीण फार प्रेमळ असली की होतं असं."

"दुरुस्तीचे पैसे घेतोस की बडबडीचे?"

"बडबड फुकट. ती अखंड पुरवठ्यात येते."

त्यानं सिरिंज लावून नळीतले बुडबुडे ओढले, आणखीही काहीतरी केलं, आणि युद्धदेव पुन्हा लाल झाला. निघताना त्यानं पाकीट होतं तसंच पट्टीनं लावून दिलं. यी-रूला हे फार भक्तिभावाचं वाटलं.

दुसऱ्या मंगळवारी कावीळ परत आली. तिसऱ्याही. तोवर तिचं 'चहात साखर अर्धी, बर्फ कमी' त्याला पाठ झालं होतं, आणि येताना तो दोन पेले घेऊन येई.

चौथ्या मंगळवारी सकाळी धूळ पुसताना यी-रूला दिसलं, की गुलाबी टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक आहे आणि चिकटपट्टी नेमकी त्याच्यावर बसली आहे. तिनं पट्टी उचलली. टाकीनं फुस्स करून श्वास घेतला आणि शाई नळीतून सुरळीत धावू लागली.

यी-रूनं बाबा कुठं आहेत ते बघितलं. मग तिनं पट्टी जागच्या जागी ठेवली. अंगठ्यानं दाबली. नखानंही दाबली. आणि फोन उचलला.

असे आणखी दोन मंगळवार गेल्यावर बाबांनी जेवताना घास उचलायच्या काड्या खाली ठेवल्या. बाबा जेवताना काड्या सहसा ठेवत नाहीत.

"बास! आणखी एकदा तुंबू दे, की लेझर मशीन आणतो. त्याला शाई नाही, पावडर असते. ते जन्मात तुंबत नाही."

यी-रूनं मनात हिशेब मांडला. तुंबलं तर लेझर येणार आणि चुंग-यान कायमचा बंद. न तुंबलं तर त्यानं यायचं कशाला? फोन नंबर होता, पण फोन करून सांगणार काय — शाई छान येतेय म्हणून?

तिनं पट्टी काढून पाकीट नुसतंच टेकवून ठेवलं. प्रिंटर अठरा दिवस न कुरकुरता चालला. इतकं निर्दयी यंत्र तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी न बोलावताच चुंग-यान दारात उभा!

"तुंबला नाही?" त्यानं आल्याआल्या विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही ना."

"दुसऱ्या कुणाला... बोलावतेस का?"

"काहीतरीच काय!"

"मग बघायलाच पाहिजे. इतके दिवस न तुंबणं चांगलं लक्षण नाही."

त्यानं झाकण उघडलं. काही बिघडलेलं नसताना दुरुस्त करायला गेलं की जे होतं तेच झालं — गुलाबी आणि काळी, दोन्ही नळ्या निसटून हातात आल्या! त्यानं दोन हातांत दोन तोंडं घट्ट चिमटून धरली.

"थांब, फडकं आणते! बाबांनी हे बघितलं, तर लेझर मशीनच आणतील!"

"नको. तू इथंच थांब. आत्ता मला पळून जाता येत नाहीये, तेवढ्यात बोलून घेतो." त्यानं नजर नळ्यांवरच ठेवली. "भोकावरची ती पट्टी... मला पहिल्याच दिवशी दिसली होती. मी ती काढली, शाई सुरू केली, आणि जाताना... परत लावली."

यी-रूनं हिरव्या पाकिटाकडे बघितलं.

"दर वेळी," तो आणखी हळू म्हणाला. "रागावलीस?"

"चौथ्या वेळेपासून मीच दाबत होते."

"तरीच! मला वाटलं, पट्टी चांगल्या कंपनीची आहे."

"म्हणजे आपण दोघांनी मिळून देवाला..."

"...सहा वेळा कावीळ केली."

ती हसायला लागली. तो हसला नाही. काळी शाई त्याच्या मनगटावरून कोपराकडे निघाली होती.

"लेझर आलं तर आलं. मी तरी येऊ का? बिनकामाचा?"

"बाबा विचारतील ना, कोण आलंय म्हणून."

"सांग, देखणा आलाय."

"या गावात सगळेच देखणे आहेत." ती खाली बसली, अगदी त्याच्याजवळ. "मी सांगेन, चुंग-यान आलाय. माझ्याकडे आलाय... आणि रोज येणार आहे."

चुंग-यानचे डोळे मोठे झाले. नाकपुड्या थरथरल्या. चेहरा असा काही आर्त झाला, की यी-रूला वाटलं, आता तो ते शब्द म्हणणार.

"यी-रू..." 'सुंदरी' नाही, यी-रू!

"हं?"

"एक मागू?"

"माग ना," ती डोळे मिटून म्हणाली.

"माझं नाक खाजव ना जरा. डावीकडून."