रुमालाची जागा

बापाला घरी आणायचं, एवढंच काम होतं. आई म्हणाली, "आज निघताना डोक्यावरून हात फिरवला रे त्यायनं माह्या. जन्मात नाही फिरवला कधी. जा, घेऊन ये." प्रीतमने गळ्यात चौकड्याचा रुमाल गुंडाळला आणि मोटरसायकल काढली.

अकोल्याच्या कडेचं ते जुनं स्टेशन. मीटरगेज होती तेव्हा गावाकडे परतणारे अप-डाऊनवाले संध्याकाळी इथं जमायचे. कचेरीतले बाबू, मास्तर, मुनीम. त्यांचा एकच कायदा. बाकावर रुमाल टाकला की जागा धरली. मग माणूस चहाला जावो की मुतायला, ज्याचा रुमाल त्यानेच उचलायचा. पुढे गाडी बंद पडली, रूळही उपटून नेले. उरली गिट्टी, एक सिमेंटचा बाक, आणि रिटायर होऊनही रोज तिथं येणारे प्रीतमचे बाबा, खुशालराव.

ते फलाटाच्या काठावर उभे होते. मागे बाकावर चार रुमाल.

"चला बाबा, घरी."

"घरीच चाललो. गाडी येऊन राहिली."

"रूळ कुठी हायेत?"

खुशालराव हसले. "हा माहा रुमाल. बाकीचे देवमनचा, ओमप्रकाशचा, वाहेदचा."

तिघंही मरून वर्षं झाली होती. प्रीतमचं डोकं फिरलं. "मेलेल्यायसाठी रोज रुमाल टाकता?"

"मी फक्त माहाच टाकला. तोही आज पहिल्यांदा..." बाबांचा आवाज खाली गेला. "ते तीन रोज आधीच असतात."

"जागाच सोडत नाही तुमी लोकं! नोकऱ्या धरल्या, खुर्च्या धरल्या, मेले तरी बाक धरून. आमी कुठी बसाव?"

"कॉलेज अर्ध्यात सोडून आला तू. तुले कोण जागा देईन?"

हे जिव्हारी लागलं. प्रीतमने चारही रुमाल खसकन ओढले आणि गिट्टीवर भिरकावले. गळ्यातला काढून बाकावर आपटला. "घ्या! धरली मी जागा. आता चला."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "उचल... आपला उचल पहिले..."

वारा नव्हता. तरी कोळशाचा धूर आला, त्यात तंबाखू-चुन्याचा वास, खोबरेल तेलाचा वास. चपलेखाली फलाट थरथरू लागला. बाबा बाकाकडे धावले. प्रीतमने त्यांचं मनगट पकडलं, फरफटत नेलं, मागच्या सीटवर बसवलं. किक बसेना. पाठीमागून, अगदी रोजच्या बोलण्यासारखं, कोणीतरी म्हणालं,

"सरक ना बे देवमन. खुशालचं पोरगं हाये."

मोटरसायकल सुरू झाली. फाटकाशी त्याने वळून पाहिलं.

बाबांचा रुमाल गिट्टीवरच पडला होता. बाकीचे तीन पुन्हा बाकावर होते. घडी न मोडलेले, पण थोडे कडेला सरकलेले. त्यांच्या मधोमध, चौकड्याच्या रुमालाला ऐसपैस जागा झाली होती.